सकाळीच भरलेला तक्ता

मी वसईतलाच, खाडीकडच्या गावचा. बाप मिठागरावर. काय सांगू तुम्हाला, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण मूठभर मीठ हातात दाबून सांगायचा, तयार आहे की नाही. मुकादम कितीही ओरडो, हा म्हणायचा, पानी अजून हाय त्यात, नाय उचलनार. मी त्याचा मुलगा. डिप्लोमा केला, सातिवलीच्या कारखान्यात लागलो, बावीस वर्षं क्वालिटी बघतोय. बघतोय म्हणजे काय, तेच आज सांगतो. घरी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आमच्याकडे कुकरच्या हँडलची पत्र्याची पट्टी बनते. प्रेसवर तिला भोक पडतं. दर तासाला एक पट्टी उचलायची, भोकात गेज, म्हणजे मापाची सळई, घालून मापायचं, आकडा तक्त्यावर लिहायचा, हा नियम. आता रीत ऐका. सकाळी चहा पिता पिता मी आठही तासांचे आकडे भरून टाकायचो, दोन पेनांनी, थोडे वर-खाली करून, आणि शेवटी अंगठा तेलात बुडवून कागदाला लावायचो, तक्ता मशीनजवळ भरलेला वाटावा म्हणून. मला हे आधीच्या माणसाने शिकवलं, मी पुढच्या दोघांना.

मग मोठ्या गिऱ्हाइकाने सांगितलं, संपूर्ण गुणवत्ता राबवा, नाहीतर माल घेणार नाही. शेठने सल्लागार आणला. भिंतीवर पाट्या लागल्या, शपथ झाली, सल्लागार म्हणाला, गुणवत्ता सगळ्यांची, खोट दिसली तर कोणीही मशीन थांबवा, आणि चूक झाली की पाच वेळा का विचारा. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, खरं मानलं एकट्या सुनंदाने. प्रेस चालवायची, तुळिंजला राहायची.

एकदा सकाळी अकराला तिने प्रेस बंद केला, पट्टी घेऊन आली. सर, गेज जात नाही, भोक लहान पडतंय, भोक पाडणारा पंच घासलाय. खरंच जात नव्हतं. पण अकराचं मान्य केलं तर दुपारच्या आकड्यांचं काय करू? तिने तक्त्याकडे पाहिलं. सर, अकरा वाजलेत आणि इथे चारचंही लिहिलंय. मी म्हणालो, तू प्रेस बघ. शेजारचे हसले, अगं बाई, तुला आता शेठच्या केबिनमध्येच बसवतात. ती परत गेली, प्रेस चालू केला.

पुढे गिऱ्हाइकाकडून तो सगळा माल परत आला. मीटिंग झाली. सल्लागाराने फळ्यावर विचारलं, माल परत का आला? भोक लहान. का? पंच घासला. मग पकडला का नाही? सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिसऱ्याच का-ला मी तक्ता पुढे केला, म्हणालो, माझे आकडे बरोबर आहेत, ऑपरेटरनेच पंच नीट बसवला नसेल. सुनंदा तिथेच उभी. एवढंच म्हणाली, तेल तक्त्याला लागलंय सर, गेजला नाही. गेज खरंच कोरडं होतं, वर धूळ. शेठ म्हणाले, पुरे. चौथा का कोणी विचारलाच नाही. सोमवारपासून तिला कामावरून बंद केलं, आणि पुढे भिंतीवर प्रमाणपत्र लागलं, काचेच्या चौकटीत.

गेल्या वर्षी बाप गेला. त्याच्यानंतर झोप येईना. शोधत शोधत तुळिंजला गेलो. ती साड्यांना फॉल लावत होती. सगळं बोललो, हात जोडले. पाणी दिलं तिने, परत शिलाई मशीनवर बसली. मशीन न थांबवता म्हणाली, मला कशाला सांगता, मला तर त्याच दिवशी माहीत होतं. ज्यांना माहीत नाही तिथे सांगा.

सांगितलं हो. सकाळच्या सभेत, सगळ्यांसमोर, तिच्या नावासकट. मला वाटलं, काढतील, आणि तिला बोलावतील. शेठ म्हणाले, जुनं उकरू नका, पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे. चहा आला. तिला बोलावलं नाही, मला काढलं नाही. पाटी अजून तिथेच आहे, खोट दिसली तर कोणीही मशीन थांबवा. सुनंदानंतर कोणी थांबवलेलं नाही.

देव तिच्या हाताला यश देवो, एवढंच मागतो. स्वतःसाठी काय मागू? आता मी दर तासाला उठतो, पट्टी उचलतो, गेज घालतो, मगच लिहितो. माझ्या तक्त्यावरचं तेल आता खरं असतं. मी शिकवलेल्या त्या दोघांच्या तक्त्यांवरही तेल असतं. तिन्ही शेजारी शेजारी टांगलेले असतात, आणि लांबून बघाल तर अगदी सारखे दिसतात.