रुमालातला भुसा

गिटारीत सूर विझू न देणारं सर्किट बसवून या म्हाताऱ्याचा काय फायदा, याचा हिशेब दुरुस्तीच्या दुकानात मागे उभ्या बाई कधीच्या मांडत होत्या.

"काका, वाजवणार कोण?" दुकानातल्या कारागिरानं विचारलं.

"तुझी काकू."

"काकूंना येतं?"

"कसलं! लेक गेल्यापासून त्याच्या गिटारीची एकच तार छेडते. सूर विझला की रडते."

"बॅटरीसाठी पाठीमागचं लाकूड कोरावं लागेल. नेमकं तिथंच त्यानं खिळ्यानं आपलं नाव खरडलंय."

"दुसरीकडे कोर ना."

"दुसरीकडे लाकूड पातळ आहे, फुटेल. अन् नाव तर हात फिरवून फिरवून गुळगुळीत झालंय. आधी काकूंना विचारा."

"तिला कशाला? तो हात माझा आहे."

"मग काय करू?"

"कोर. सूर तिला राहू दे. भुसा तेवढा माझ्या रुमालात बांध."