खटका हवा, बटण नको

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोल बाई, इकडे टीव्ही बोंबलतोय… किरण होय! अगं, मग किरण म्हण ना. 'बाई, मी' काय म्हणतेस? माझ्या ओट्यावर शिकून गेलेली सगळीच 'बाई, मी' असतात.

हो, हो… आलं तुझं चित्र. मगाशीच आलं… बघितलं. मोठं करूनही बघितलं, बोटांनी ताणून. शेजारच्या हर्षदाने शिकवलंय मला… काय वाटलं म्हणजे? शी!… शी म्हणाले, शी! किरण, हा काय चाकू आहे? हा खिशात घालून माणूस खाली उतरला तर आमची अख्खी गोडादऱ्याची वस्ती दारं लावून घेईल!

नाही, चित्राला नावं ठेवत नाही. रेघ तुझी पहिल्यापासून चांगली, आता तर चाकूही घडवतेस. पण पात्यावर ते काय कोरलंयस?… वाघ? मला वाटलं मांजर ओकतंय… आणि पाठीवर ते दाते?… 'लुक' येतो? अगं, पेरू कापायचाय, पेरू!… हो, जामफळ, जामफळ. तुझ्या भेस्तानला गुजराती बोलून बोलून तू मराठीच विसरलीस.

आणि मुठीवर ते लाल लाल काय?… बटण? बटण कशाला?… दाबलं की पातं सटकन बाहेर येतं? अगं आई गं!… मी? मी कधी सांगितलं?… मेसेजमध्ये? काय म्हणाले मी?… 'खटक्याचा चाकू हवा.' हो, म्हणाले असेन. मग?… काय? खटकावाला म्हणजे तो गुंडांचा? सिनेमात पोटाला लावतात तो?… मला काय माहीत! शी शी शी. म्हणजे इतके दिवस तू माझ्यासाठी तसला चाकू काढत होतीस? आणि मनात नाही आलं तुझ्या, की बाईंना या वयात कुणाच्या पोटाला लावायचाय?… हसू नकोस. दात दिसतायत मला फोनमधून.

ऐक. अगं ऐक ना. आता वर्गात सांगायचे तसं सांगते, मध्ये बोलायचं नाही. आपला साधा घडीचा चाकू. नखाने पातं ओढायचं, ते उघडतं. पाठीला एक पोलादी पट्टी असते, ती पात्याला दाबून धरते… हं, स्प्रिंग, तीच. कुलूप नाही, बटण नाही, नुसती पट्टी. पातं पूर्ण उघडलं की पट्टी जागेवर बसते. बसताना काय आवाज येतो?… शाब्बास. खट्ट. मिटलं की पुन्हा खट्ट. तो खटका. तेवढाच हवाय मला.

कशाला म्हणजे? तुला सांगितलं नव्हतं का मी?… अगं, अर्धांगाच्या झटक्यानंतर यांचा उजवा हात हलतो, पण बोटांना काही कळत नाही. गरम कळत नाही, धार कळत नाही. पातं पूर्ण उघडलं की अर्धवट राहिलं, हे बोटांनी समजत नाही. कानांनी समजतं… हो, कान निम्मे गेलेत, टीव्ही ऐकतेसच तू. लूमवर कापड विणण्यात जन्म गेला. पण इकडचा धोटा तिकडे जाऊन खट्ट झाला नाही, तर झोपेतूनही उठून बसायचे. खट्ट बरोबर ऐकू येतं त्यांना.

जुना आहे ना, आहे. त्याची पट्टी अशी घट्ट झालीय, मला दातांनी उघडावा लागतो… हो, दातांनी. तेल घातलं, काही उपयोग नाही. आणि मी उघडून दिला की घेत नाहीत. 'राहू दे' म्हणतात… अगं, तुझ्या वेळचं आठव ना. पाढे संपायच्या आत ओट्याच्या कडेला यांचा चाकू खट्ट व्हायचा, की तुम्ही पाट्या टाकून पळायचात. 'पंडितआप्पा, मला बियांची फोड, मला बिनबियांची.' आता पिशवीतले पेरू मऊ पडतात, मुलं वाट बघून घरी जातात आणि हे आत बसतात टीव्हीसमोर. आता शिकायला येतो तो कुंदन मला विचारतो, 'आप्पा रुसले का आमच्यावर?' काय सांगू त्याला? म्हणून म्हणते, हा चाकू त्यांचा त्यांना उघडता आला पाहिजे. तो आला तर ते ओट्यावर येतील. बाकी माझं काही म्हणणं नाही.

हं, हं… नखाची खाच लांब करशील? किती?… जवळजवळ पातंभर? छान. म्हणजे नख कुठेही लागलं तरी ओढता येईल. आणि पट्टी सैल… हो, पण इतकी सैल नको की कापता कापता बोटांवर मिटेल… असं? अर्ध्यावर एकदा थांबतं? म्हणजे मिटतानाही आधी अर्ध्यावर खट्ट, मग पुढे. हे मस्त आहे गं. बोट काढून घ्यायला वेळ मिळेल. हे मुलांनाही शिकवता येईल.

मूठ कसली म्हणालीस?… काय?… उंटाचं हाड? शी! किरण!… पॉलिश केलेलं असू दे नाहीतर चांदीत मढवलेलं. त्याच चाकूने प्रसादाची केळी कापायची आहेत मला… जुन्या चाकूंना असायचं म्हणून काय झालं? जुन्या माणसांना उवाही असायच्या. लाकडाची कर. थांब, यांच्याकडे एक मोडका धोटा आहे, कारखाना सोडताना आणलेला. त्याचं लाकूड यांच्याच हाताने गुळगुळीत झालंय. तो पाठवते. त्यातून मुठीच्या दोन फळ्या निघतील ना?… निघतील. मग झालं.

आता हे काय? या बाजूला आणखी एक बारकं पातं दिसतंय… मी नाही सांगितलं… कोणी? यांनी? यांनी तुला फोन केला?… कधी?… मी बाजारात पोंक आणायला गेले होते तेव्हा? अगं, सख्ख्या भावाला फोन लावत नाहीत ते! आजारपणापासून हे दे म्हणाले नाहीत की ते आण म्हणाले नाहीत… काय म्हणाले?… 'एक बारकं पातं वेगळं ठेव.' कशासाठी?

किरण.

तू गप्प झालीस की मला कळतं. चुकलेली पाटी पाठीमागे धरायचीस, तेव्हाही अशीच गप्प व्हायचीस… नाही सांगत त्यांना. बोल… काय?… कुरूप? कोण कुरूप?… पायाचं कुरूप! बरं, मग? कुरूप तासायला बारकं पातं. म्हणजे ते पायाला आणि मोठं पेरूला. वेगवेगळं. चांगलंच आहे की. यात लपवण्यासारखं काय…

किरण.

जुन्याला तर एकच पातं आहे.

…

हॅलो?… ऐकतेयस ना?… एकच पातं आहे गं त्याला! अगं, शी! ई! शी शी शी!… मला म्हणायचे, 'गरम पाण्यात पाय ठेवतो, दगडाने घासतो.' दगड! कसला दगड! सत्यनारायणाची केळी, किरण! दर श्रावणात! भटजींना पहिली वाटी… आणि तू! तू तर फोड संपल्यावर पातं चाटायचीस, मीठ लागलेलं असतं म्हणून. मी ओरडायचे जीभ कापेल म्हणून… अगं, जीभ कापली असती तर बरं झालं असतं!… थुंक. जा, थुंकून ये. मी थांबते.

अगं बाई… अगं बाई… किरण, मी दातांनी उघडते तो! काल उघडला! ई! थांब, चूळ भरते…

हं. आले… नाही, गेली नाही अजून चव. कसली चव विचारू नकोस.

अहो! अहो, ऐकी राह्यनात का?… बघ, टीव्ही बंद केला. म्हणजे सगळं ऐकलंय. कान गेलेत म्हणे!… अहो, त्या चाकूने पाय तासायचात तुम्ही?… झोपलेत. डोळे मिटून 'मी झोपलोय' म्हणतायत… काय? काय म्हणालात?… किरण, 'पुसायचो की' म्हणतात. कशाला पुसायचात?… लुंगीला. लुंगीला पुसायचे, किरण! लुंगी कशाला पुसायचे ते देवाला माहीत!

नको. मला नको चाकू. रद्द कर. एक पातं नको, दोन नकोत. मुलांना मी आता केळी देईन, सोलून हातात. ज्याची त्याने खावी… नाही, राग नाही आला. किळस आलीय. राग उतरतो, ही कशी उतरायची? आणि वर हे तुला फोन करून सांगतात. बाहेरच्या मुलीला! लाज कशी नाही…

हं… हं, ऐकतेय… बोल ना… हो… असं म्हणाले?… नीट सांग. त्यांच्या शब्दांत सांग.

…'ती तोंड फिरवते.'

असं म्हणाले?

अगं, मग फिरवणार नाही तर काय करणार? झटका आल्यापासून मीच तासते ते कुरूप. मेडिकलमधून पातं आणते, खाली कागद घालते, मांडीवर पाय घेते. वास येतो गं. त्या सालपटांनी मळमळतं मला… नाही, बोलले नाही. शपथेवर सांगते, तोंडातून शब्द काढला नाही कधी. नुसतं तोंड इकडे केलं. इतकंच… आणि त्यांनी ते बघितलं होय. मला वाटायचं, ते भिंतीकडे बघत असतात.

पुढे?… 'पायाचं माझं मी करीन, तिला त्रास नको.' हं… आणि?… 'सुंदराला सांगू नकोस.' मला सांगू नकोस म्हणाले आणि तू सांगितलंस. बरं केलंस.

नाही गं, रडते कशाला. शिसारी आली की डोळ्यांत पाणी येतंच माणसाच्या.

…

किरण, ते बारकं पातं राहू दे… हो, राहू दे म्हणते ना. पण टोक नको त्याला, बोथट कर. कुरूप डाव्या पायाला आहे, त्या पायाला सगळं कळतं, खोल कापलं जाणार नाही. पण टोक नको… आणि आता डोकं लाव. बोटांना कळत नाही म्हटल्यावर कोणतं पातं उघडलं, हे त्यांना कसं कळणार? घाईत भलतंच उघडलं तर? पुन्हा पेरूला तेच! शी… चित्र कोरून काय उपयोग? चष्मा असतो उशाखाली आणि हे असतात ओट्यावर… रंगाचंही तेच… विचार कर. सोपं आहे, आत्ताच आपण बोललो… अं?… अं?… शाब्बास! अगदी बरोबर! एकाला आवाज आणि एकाला नाही. पेरूचं पातं बोलकं, पायाचं मुकं… जमेल ना तसं?… पात्याचा बुडखा गोल ठेवलास की खट्ट होत नाही? गुळगुळीत उघडतं आणि तसंच मिटतं? मग तसंच कर. पण पेरूचं असं बोललं पाहिजे की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं पाहिजे.

मला कशाला म्हणजे? अगं, बाहेर खट्ट झालं की मी मीठ-तिखटाची वाटी घेऊन येईन, पूर्वी यायचे तशी. आणि खट्ट न होता नुसता पाय भिजवायला तपेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, तर मी आतच. भाकरी थापीन, भांडी घाशीन, काहीही करीन. बाहेर येणारच नाही. म्हणजे तोंड फिरवायला नको… हो. तेवढंच जमेल मला. किळस काही जायची नाही, या वयात कुठली जाते. पण ती त्यांना दिसायला नको.

आणि घेऊन येशील ना, तेव्हा त्यांच्या हातात देऊ नकोस. मी शिकवलंय तुला, चाकू हातातून हातात द्यायचा नाही, भांडण होतं. मिटून ओट्यावर ठेवायचा. त्यांचा ते उचलतील. कितीही वेळ लागू दे, आपण गप्प बसायचं… कुंदनला मी सांगून ठेवते. 'आप्पा, मी उघडू?' म्हणायचं नाही म्हणून.

जुना? जुना आता चुलीत… थांब. थांब जरा, बोलू नकोस…

काही नाही. उठलेत. ओट्यावर गेले… पिशवी चाळवली… हो, पेरूचीच… अगं, जुनाच घेतलाय हातात. खरखर ऐकू येतेय नखाची… नाही, उघडत नाहीये… पुन्हा ओढतायत… नाही, मी जात नाही. जाऊन काय करू?… दातांनी? आता तर मेले तरी नाही!… हो, उघडला तरी त्या पात्याचा पेरू मी एकाही मुलाला देणार नाही. पण उघडू दे की. उघडू दे आधी…

धोटा उद्याच पाठवते. तू लवकर कर, किरण… हो, वाघ नको… बटण नको… ठेव आता. अगं, ठेव म्हणते ना, काही वाजतंय का ते ऐकू दे मला…