रुपाचा डबा

धान्याच्या किटवाटपाचा बॅनर मांडीवर घेऊन हर्षा साकोलीच्या स्टँडवर एकोडीच्या गाडीची वाट पाहत होती. बाजूच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

“पंचफुला, तुह्या शेजारच्या रुपाचा नवरा पाय मोडून घरी बसला म्हणते?”

“हो ना वं. चूल कधी पेटते, कधी नाही.”

“मंग तांदूळ देत जा ना थोडे.”

“नेले होते. म्हणते, ‘आहेत घरी, काकू.’ किटवाले आले, फोटो काढाले लागले, तं दार लावून बसली.”

हर्षानं बॅनर खाली ठेवला.

“मंग आता?”

“आता दर दोन-चार दिवसानं मीच तिच्याकडे मांगाले जातो.”

“तू? काय मांगतं?”

“डबा. म्हणतो, माह्या घरी डबे कमी पडले, तुहा दे. वापस करताना कोणाचा डबा रिकामा देते काय कोणी?”

“नाही वं, बरं नाही दिसत.”

“तेच तं! तांदूळ भरून देतो. रीत आहे, नाही कशी म्हणन?”

“तिले समजलं नसन काय?”

“कोणाले मालूम. काल कामाच्या घाईत मी गेलीच नाही. तं सांजच्याले रुपाच दारात उभी. म्हणे, ‘काकू, तुमाले डबा लागते ना? घासूनच आणला.’”