वहिनीनं मागितला कागद

तुम्ही म्हणता, पोलिसांच्या सिरियल पाहून डोकं बिघडते. माह्या वहिनीचं ऐका. आसगावात कोणाची तरी पाण्याची मोटर चोरीले गेली, अन् पोलीस माह्या भावाले न्यायले आले. वहिनी दारात आडवी उभी राहिली.

"कायच्यासाठी नेऊन राहिले, साहेब? अटकेचा कागद दाखवा."

साहेब हसले. "सिरियल पाहता वाटते, बाई?"

"पाहतो नं."

"मंग त्याच्यात आम्ही कसे कबूल करवतो, तेही पाहिलं असन."

"पाहिलं. म्हणूनच मी संगं येऊन राहिली."

दिवसभर ती ठाण्यातल्या बाकावर बसली, पाणी प्याले उठली नाही. संध्याकाळी भाऊ आपल्या पायानं चालत घरी आला.