बाबांनी बंद केलेला पिक्चर

काटोलच्या बसमध्ये मेघाने कानातले इयरफोन हळूच काढले. मागच्या सीटवर म्हातारे भाऊबहीण बोलत होते.

"गोपिका, उन्हाळ्यात भाड्यानं व्हिडिओ आणत होतो, आठवते?"

"आठवते ना, दादा. भर दुपारी, कूलरसमोर."

"बाबा शेवट यायच्या आधीच बंद करत. म्हणत, हिरो घरी पोचला, जेवायले चाला."

"मंग? पोचलाच ना तो."

"नाही वं. मरते तो. मी कॉलेजात असताना टॉकीजमध्ये पाहिला."

"मले काहून नाही सांगतलं?"

"बाबा होते तवा कसं सांगू?"

संत्र्यांच्या बागा मागे पडत राहिल्या.

"मोबाईलवर आहे आता. लावू काय?"

"नको, दादा. बाबानं घरी पोचवला त्याले. राहू दे तिथंच."