अठरा मिलिमीटर

मंडळी, बसून घ्या. मागे खुर्च्या आहेत. लिमये बाईंच्या तासाला कुणी भिंतीला टेकून उभं राहिलेलं त्यांना चालायचं नाही, आज तरी का चालावं?

मी बोलायचं आहे हे मला काल कळलं. कागद घेऊन बसलो तर एक ओळ सुचेना. मग जे येतं ते केलं. यादी केली. या विभागासाठी मी स्वतःच्या हातांनी काय काय बनवलं, त्याची यादी. उभ्या मुलांची उंची मोजायचे फळे, सात. तान्ह्या मुलांना आडवं निजवून मोजायच्या पाट्या, चार. डासांच्या अळ्या बघायला पाणी उपसायच्या लांब दांड्याच्या पळ्या, बावीस. आतलं दिसावं म्हणून उभा कापलेला हातपंप, एक. शोषखड्ड्याचं लाकडी मॉडेल, एक. त्याची झाकणं मात्र दोन, कारण पहिलं कुणीतरी चहाचे कप ठेवायला नेलं. आणि बाईंच्या टेबलाचा डावा मागचा पाय.

यादी संपली आणि लक्षात आलं, हे सगळं त्यांनीच करून घेतलंय.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी वसंत शिंदे. मंडईमागे माझं वर्कशॉप आहे. दहावी नापास. सुताराच्या घरचाही नाही. बुधवार पेठेत एका रेडिओच्या दुकानात हरकाम्या होतो, तिथे बघून बघून हात बसला. लाकूड, पत्रा, वजनकाटे, सगळं आपलं आपण शिकलो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. तुम्ही बहुतेक सगळे बाईंचे विद्यार्थी. आधीच डॉक्टर, दातांचे डॉक्टर, नर्स, आणि वर ही सार्वजनिक आरोग्याची, एमपीएचची पदवी. माझी भाषा वर्कशॉपची. सांभाळून घ्या.

बाईंना विशेषणं चालत नसत. हे तुम्हाला माहीत आहे. "मिस्त्री, फळा कसा झालाय?" "उत्तम." "उत्तम म्हणजे किती?" कुणी म्हणालं पुष्कळ मुलं आजारी आहेत, की "किती?" कुणी म्हणालं वस्ती लांब आहे, की "किती?" अगदी हॉस्पिटलात मी विचारलं, "बाई, फार दुखतंय का?" तर म्हणाल्या, "फार म्हणजे किती, ते तुम्ही ठरवा. मग सांगते."

आता चौथ्या फळ्याची गोष्ट. अनेकांनी ती माझ्याच तोंडून ऐकली आहे. आज पुन्हा ऐका, कारण आज ती बाईंची म्हणून सांगायची आहे.

पहिले तीन फळे साधे होते. खाली पाट, पाटावर उभी फळी, फळीला टेप. मूल पाटावर उभं राहतं, टेपचा शून्य पाटाला टेकलेला. बरोबर. पण वस्तीवर नेता-आणताना ते डुगडुगायचे. मला ते सहन होईना. चौथा करताना मी सुधारणा केली. फळी थेट जमिनीपर्यंत नेली आणि पाट तिच्या पुढून बोल्टने आवळला. दगडासारखा पक्का. टेप माझ्या स्टीलच्या मीटरपट्टीशी ताडून पाहिली, खूण न् खूण बरोबर. टेप फळीच्या तळापासून लावली, नेहमीसारखी. आणि दिला पाठवून.

पाट अठरा मिलिमीटर जाड होता. मूल उभं राहणार पाटावर, शून्य जमिनीवर. म्हणजे प्रत्येक मूल खऱ्यापेक्षा अठरा मिलिमीटर जास्त उंच.

निलोफर शेख इथे पुढच्या रांगेत बसली आहे. आज ती स्वतः शिकवते. तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या प्रबंधासाठी वाघोलीच्या एका बांधकामावरच्या मजुरांची मुलं मोजत होती. चौसष्ट मुलं. तोच फळा. तीन आठवड्यांनी एक बोल्ट सैल झाला म्हणून तो माझ्याकडे आला. बोल्ट आवळला आणि सहज मीटरपट्टी पाटावर उभी केली. पट्टी शंभर सेंटीमीटरची, समोर टेपवर आकडा एकशे एक पॉइंट आठ.

मंडळी, खरं सांगतो. मी आजूबाजूला बघितलं. वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. टेप सोडवून वर सरकवायला दहा मिनिटं लागली असती. कुणालाही, कधीही कळलं नसतं.

स्कूटर काढली आणि इथे आलो. बाई आणि निलोफर प्रबंधच तपासत बसल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, फळा चुकलाय."

"किती?"

"अठरा."

"अठरा काय?"

"मिलिमीटर. जास्त दाखवतोय."

निलोफर घाबरली नाही. हुशार मुलगी. म्हणाली, "मॅडम, सगळीकडे सारखीच चूक आहे ना? एक्सेलमध्ये एका मिनिटात वजा करते." केलंसुद्धा. जी मुलं वयाच्या मानाने ठीक दिसत होती, त्यातली नऊ खाली गेली. खुजी. म्हणजे कित्येक महिने पुरेसं खायला न मिळाल्यामुळे वाढ खुंटलेली.

बाईंनी त्या नऊ नावांवर बोट ठेवलं. "यांच्या आयांना तू काय सांगितलंस?"

"की मुलाची उंची ठीक आहे."

"मग ते कोण वजा करणार?"

मी वर पंख्याकडे बघितलं. तोही माझ्याच हातचा दुरुस्त केलेला, तेवढाच एक ठीक चालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं वाघोलीला. निलोफर म्हणाली, मी एकटी जाऊन येते. बाई म्हणाल्या, "तू मोजलंस, यांनी फळा केला, मी सही केली. तिघंही जाऊ." पत्र्याच्या खोल्या, एकेक दार. पहिल्याच दारात एक बाई भाकरी थापत होती. निलोफरने सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "परवा म्हनलात ठीक हाय, आज म्हनता न्हाई. चूक कुनाची?"

मी पुढे झालो. "माझी."

"तुमी डागदर?"

"नाही. सुतार."

"मंग बराबर," ती म्हणाली. "डागदर कवा चूक म्हनत न्हाई." आणि बाईंकडे बघून हसली. बाईसुद्धा हसल्या, मग तिच्या पोराला मांडीवर घेऊन खाली मातीत बसल्या आणि अर्धा तास तिच्याशी बोलल्या. काय शिजतं, किती शिजतं, कामावर असताना पोराला कोण भरवतं. अंगणवाडीत नाव घातलं. दर महिन्याला उंची-वजन.

आठ मुलं सापडली. नववी राणी. वय तीन वर्षं दोन महिने. फळ्यावर एकोणनव्वद पॉइंट सहा, खरी सत्त्याऐंशी पॉइंट आठ. तिचे आईबाप चार दिवसांपूर्वी दुसऱ्या कामावर गेले होते. मुकादम म्हणाला चाकण, वॉचमन म्हणाला तळेगाव. बाई पुढचे तीन रविवार दोन्हीकडे फिरल्या. मी सोबत होतो. राणी सापडली नाही. प्रबंधात निलोफरने ते तसंच लिहिलं आहे. वाचनालयात आहे, बघून घ्या.

मी फळा दुरुस्त करायला मागितला. बाई म्हणाल्या, "तो राहू दे. तुम्ही पाचवा करा. आणि पुढच्या तुकडीचा पहिला तास तुम्ही घ्या."

मला राग आला. "चूक सांगायला बोलावताय मला? सगळ्यांसमोर?"

"अहो मिस्त्री, चुकांचे तास ठेवले तर दोन वर्षं पुरायची नाहीत. तुम्ही स्कूटर काढून इथे आलात ना, त्याचा तास."

अकरा तुकड्या झाल्या. पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. आधी काही सांगायचं नाही. चौथ्या फळ्यावर सगळ्यांनी एकमेकांची उंची मोजायची. सगळे वाढतात आणि सगळे खूश होतात. चांगले एमडी झालेले लोक घरी फोन करतात. एकालाही फळ्याचा संशय येत नाही. मग मी मीटरपट्टी काढतो, आणि मागच्या बाकावर बसून बाई त्यांचे चेहरे बघतात.

बघायच्या.

सोमवारी बारावी तुकडी येते. मागचा बाक रिकामा असेल. विभागप्रमुखांनी विचारलं, तास ठेवायचा का? साहेब, ठेवायचा. मी येणार. आणि माझ्यानंतर निलोफर सांगेल, तिलाही सगळे आकडे पाठ आहेत.

आता आपण उभे राहू. एक मिनिट, म्हणजे साठ सेकंद. घड्याळ मी बघतो. त्याआधी एक गोष्ट, जी बाईंना सांगायची राहून गेली. बाई हॉस्पिटलात असताना ऑनलाइन कोर्स बनवणाऱ्या एका कंपनीचे दोघं माझ्याकडे आले होते. ही गोष्ट एकदा रेकॉर्ड करायची, चौथा फळा त्यांना द्यायचा, मग मी इकडे यायची गरज नाही, आणि वर पैसे भरपूर. फक्त शेवट बदलायचा. "काका, राणी सापडली असं दाखवू. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. आठ काय आणि नऊ काय."

मी नाही म्हणालो. आठ सापडली, बाई. आठच.

हे ऐकून बाईंनी पहिला प्रश्न काय विचारला असता, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सांगतो. पंच्याहत्तर हजार.