गिटारवाल्यासाठी गाऱ्हाणं

अल्बमांवर माझं मत कोणी मागत नाही, तरी मी देतोच, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी कसालहून तोंडवलीला येताना गाडीत शेजारी आबाकाका होते. आमच्या देवळात नारळ ठेवून गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालतात. मी माझ्या लाडक्या मराठी रॅपरचा नवा अल्बम लावला. तो श्वास घ्यायला थांबला की काका गाऱ्हाण्यात गाव म्हणतो तसं म्हणायचे, "व्हय म्हाराजा." आणि ते इतकं ठेक्यात बसत होतं, की हसून हसून मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

"कसो वाटलो, काका?"

"दम बरो आसा. पण देवाचा नाव खंय आसा? सगळा आपलाच सांगता."

मग मी गिटारवाला लावला, स्वतः गाणी लिहून गातो तो. दहाच्या दहा गाणी प्रेयसी सोडून गेल्याची. माझ्या मते असा अल्बम पुन्हा होणे नाही.  तोंडवली आल्यावर काका म्हणाले, "ह्येचा नाव सांग माका. ह्येच्यासाठी गाऱ्हाणा घालूक व्हया."

मला वाटलं, थट्टा करतायत. रविवारी देवळात गावाचं गाऱ्हाणं आटोपलं आणि काकांनी खरंच त्याचं नाव घेतलं. "बा देवा म्हाराजा, ह्या झिलाक सोडून गेलेला चेडू परत येव दे, नायतर दुसरा बरा गावू दे."

सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठ्याने मी.

गेल्या महिन्यात त्याचा नवा अल्बम आला. लग्न झालंय त्याचं. दहाच्या दहा गाणी सुखाची, आणि एकही ऐकवत नाही.